'माझे घर' निबंधातून बाहेर कसे आले

मराठवाड्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारे पोर 'माझे घर' हा निबंध पाठ करूनच येते. अंगणात तुळस, दारात रांगोळी, प्रेमळ आजी. राहते घर पत्र्याचे का असेना. लेखनाच्या तासाला आधी हा निबंध विसरायला लावावा लागतो.

निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून होते. 1918च्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. घरची बोली वर्गात चालत नसे. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुले तिथे शिकली. पुढे दलित साहित्याच्या 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकातून गावकुसाबाहेरचे घर छापील मराठीत आले.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माळवदाची घरे बसली. जाड दगडमातीच्या भिंती, वर वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा थर; ते ओझेच जिवावर उठले. पुनर्वसित गावांत जमिनीच्या हिशेबाने 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. आजी घर खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेच्या मापात सांगते, नातू फुटांत. लेखनाला याहून चांगला कच्चा माल कुठला?

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचे वेगळे. दिवाळीच्या आगेमागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, निघाले की पाच-सहा महिने घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी, तात्पुरती झोपडी, आणि मूल गावात आजीपाशी किंवा वसतिगृहात.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत भाषेला दोन श्रेयांक, म्हणजे 30 तास मिळतात. त्यात सुरुवात आराखड्याने करावी: चूल कुठे, पाणी कुठे, कोण कुठे झोपते, पुस्तक कुठे ठेवतात. मग त्यातल्या एकाच जागेवर 150 शब्द, 'सुंदर', 'छान' वर्ज्य. त्यानंतर घरातल्या थोरल्या माणसाला विचारायचे, हे कोणत्या पैशातून बांधले? दोन्ही जोडून 400 शब्दांचा दुसरा खर्डा.

बिघडते ते दोन ठिकाणी. मोठ्याने वाचायची सक्ती केली की पोरे खोटे लिहितात, कारण घराची जागा सांगितली की जातही कळते. म्हणून वाचन ऐच्छिक ठेवावे, आणि घराऐवजी भाड्याची खोली, वसतिगृह किंवा कोपीही चालेल, हे पहिल्याच तासाला सांगावे. दुसरे, पहिल्या खर्ड्यावरचा लाल पेन. 'व्हतं' खोडले की पुढचा मजकूर पुस्तकी होतो. निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसांचे बोलणे बोलीत, एवढा नियम पुरतो. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात तपासावे.