पॅनेलअंतर्गत फॉर्म

वेब अनुप्रयोगाच्या पडद्यावरील पॅनेलमध्ये, म्हणजे स्वतःची चौकट, बहुधा मथळा आणि स्वतंत्र उघडझाप असलेल्या भागामध्ये, माहिती भरण्याचा फॉर्म बसविण्याची रचनापद्धती. शासकीय मराठीत फॉर्मला ‘प्रपत्र’ किंवा ‘नमुना’ म्हणतात (सातबाऱ्यातील ‘गाव नमुना’ हा तोच शब्द). संगणकक्षेत्रात मात्र ‘फॉर्म’ आणि ‘पॅनेल’ हेच शब्द रूढ असल्याने येथे तेच वापरले आहेत.

या दोन संज्ञांचा परस्परसंबंध सर्वत्र सारखा नाही. व्हिज्युअल बेसिक (१९९१) आणि डेल्फाय (१९९५) या डेस्कटॉप साधनांमध्ये ‘फॉर्म’ म्हणजे संपूर्ण खिडकी. डेल्फायमध्ये पॅनेल हे त्या फॉर्मवर ठेवायचे, इतर घटक सामावणारे एक पात्र. वेबवर हा क्रम उलटा झाला आणि पॅनेल बाहेर, फॉर्म आत अशी मांडणी रुळली. पॅनेल हा शब्द वेबवर डेस्कटॉप साधनांतून आला, असे सामान्यतः मानले जाते. जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीतही ‘पॅनेल’ नावाचा वर्ग (क्लास) होता. तथापि अशी पात्रे अनेक साधनसंचांत जवळपास एकाच काळात दिसत असल्याने कोणा एकाकडे श्रेय देणे योग्य वाटत नाही. फॉर्मचा वंश मात्र वेगळा आहे. तो एचटीएमएल या दस्तऐवज-भाषेतून आला असून, १९९३ च्या अखेरीस मोझेक ब्राउझरमध्ये फॉर्मची सोय दिसते आणि नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या विनिर्देशात त्याला औपचारिक रूप मिळाले.

याच विनिर्देशाच्या व्याकरणाने फॉर्मच्या आत फॉर्म वर्ज्य ठरविला आणि या विषयातील बहुतेक अडचणी त्या एका नियमापाशी येऊन थांबतात. पॅनेलवर अशी मर्यादा नाही. पॅनेलात पॅनेल कितीही खोल बसते. त्यामुळे स्वतःचा फॉर्म घेऊन आलेले पॅनेल, आधीच फॉर्म असलेल्या दुसऱ्या पॅनेलात ठेवले की नियमभंग होतो. ब्राउझर त्याबद्दल वापरणाऱ्याला काही सांगत नाही. तो सांभाळून घेतो, आणि घोटाळा नेमका त्या सांभाळून घेण्यात असतो. उदाहरणार्थ, ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ग्राहकाचे नाव, त्याखाली स्वतःचा फॉर्म असलेले पत्त्याचे पॅनेल, आणि पॅनेल संपल्यावर फोन क्रमांक व ‘ऑर्डर जतन करा’ हे बटण आहे, असे समजू. पत्त्याच्या फॉर्मचा आरंभीचा टॅग (घटकाची सुरुवात वा शेवट दाखविणारी एचटीएमएल खूण) ब्राउझर दुर्लक्षितो, त्यामुळे पिनकोड ऑर्डरच्या फॉर्मचा होतो; परंतु त्याच फॉर्मचा शेवटचा टॅग येताच बंद होतो तो बाहेरचा फॉर्म. परिणामी फोन क्रमांक कोणत्याच फॉर्ममध्ये उरत नाही आणि ऑर्डरचे बटण दाबले तरी काहीही घडत नाही. पत्त्याच्या पॅनेलात एकापाठोपाठ दोन फॉर्म असतील तर पहिला नाहीसा होतो, दुसरा मात्र खराखुरा तयार होतो. ‘एक चालतो, एक चालत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा येथून उगम पावते. स्क्रिप्टद्वारे घटक निर्माण केल्यास हा अडथळा लागत नाही, कारण तेथे टॅग वाचण्याची पायरीच नसते.

यावर उपाय वेगवेगळे झाले. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब फ्रेमवर्कच्या वेब फॉर्म्स पद्धतीत (२००२) सर्व्हरकडून हाताळला जाणारा फॉर्म एका पानावर एकच असे आणि सर्व पॅनेले त्याच्या पोटात राहत. फॉर्ममधील फॉर्मचा प्रश्न त्यामुळे मिटला, पण एंटर कळीचा उभा राहिला: मजकुराच्या चौकटीत एंटर दाबले की ब्राउझर त्या फॉर्ममधील क्रमाने पहिले सबमिट बटण दाबतो, मग ते वरच्या शोध-पॅनेलातील का असेना. एएसपी डॉट नेटच्या २.० या आवृत्तीत (२००५) पॅनेलला स्वतःचे डिफॉल्ट बटण नेमण्याची आणि पडताळणीचे गट पाडण्याची सोय आली, ती याच कारणाने.

अपाची विकेट या जावा फ्रेमवर्कचा मार्ग अधिक नेटका म्हणावा लागेल. आवृत्ती १.३ पासून तेथे फॉर्ममध्ये फॉर्म ठेवता येतो. पानावर उतरताना आतला फॉर्म ‘डिव्ह’ या साध्या विभाग-टॅगात बदलतो आणि सीमा केवळ सर्व्हरवर पाळली जाते. आतला फॉर्म सादर केल्यास पडताळणी त्याच्याच रकान्यांची होते, बाहेर अर्धवट भरलेले मात्र जपले जाते. त्यासाठी आतल्या फॉर्मला विकेटचे स्वतःचे बटण वा दुवा लागतो. नुसते एचटीएमएल बटण पुरत नाही. पॅनेल लिहिणाऱ्याला ते कोठे बसणार हे ठाऊक नसते, ही अडचण या पद्धतीने प्रत्यक्षात सोडविली.

एचटीएमएल ५ मध्ये (२०१४) रकान्यावर ‘फॉर्म’ हा गुणधर्म देऊन तो पानावरील दुसरीकडच्या फॉर्मशी जोडता येतो. इंटरनेट एक्सप्लोररने तो कधीच स्वीकारला नाही, त्यामुळे त्याचा प्रसार उशिरा झाला. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट साधनसंचात ‘पोर्टल’ या सोयीद्वारे पॅनेल पानाच्या दुसऱ्या टोकाला उतरविता येते. तरीही घटना (येथे फॉर्म सादर झाल्याची सूचना) घटकांच्या मूळ वृक्षातूनच, म्हणजे आतल्या घटकाकडून बाहेरच्याकडे, वर चढत असल्याने आतील फॉर्म सादर होताच बाहेरच्या फॉर्मचे सादरीकरणाचे फंक्शनही चालते. ती घटना आतच थांबवावी लागते.

पॅनेलचा मथळा डोळ्यांना दिसतो, पण स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाला) तो आतल्या रकान्यांशी जोडलेला असेलच असे नाही. त्यासाठी रकान्यांचा गट करणारा ‘फील्डसेट’ व त्या गटाचा मथळा देणारा ‘लेजेंड’ ही १९९७ च्या एचटीएमएल ४.० मधील जोडी आहे. फील्डसेटमध्ये फील्डसेट बसविण्यास मनाई नाही.