औद्योगिक स्वयंचलन : बेळगाव सीमाभागातील कारखान्यांची मूलभूत परिभाषा

यंत्राने आपली स्थिती स्वतः मोजायची आणि आखून दिलेल्या नियमांप्रमाणे स्वतःच चालायचे किंवा थांबायचे, याला औद्योगिक स्वयंचलन म्हणतात. बेळगावच्या उद्यमबाग भागातल्या फाउंड्री व हायड्रॉलिक यंत्रांचे कारखाने, तसेच चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग या तालुक्यांतले साखर कारखाने हे या भागात त्याचे ठळक क्षेत्र. परिभाषाकोशात ‘संवेदक’ (मोजणारा) आणि ‘नियंत्रक’ (चालवणारा) हे शब्द आहेत. पॅनेलपुढे उभा मराठी फिटर मात्र ‘सेन्सर’, ‘पीएलसी’च म्हणतो आणि त्याचा कन्नड जोडीदारही. दोघांमध्ये दुभाष्याचे काम हेच शब्द करतात, म्हणून येथेही तेच वापरले आहेत.

सेन्सर दोन प्रकारची बातमी देतो. ‘आहे की नाही’ एवढेच सांगणारी ती डिजिटल. ती बहुधा २४ व्होल्ट डीसीवर येते. ‘किती’ हे सांगणारी ती अ‍ॅनालॉग, आणि तिची सर्वांत रुळलेली चाल म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअर. हायड्रॉलिक प्रेसवर ० ते २५० बारचा प्रेशर ट्रान्समीटर असेल, तर ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य दाब, १२ म्हणजे १२५ बार आणि २० म्हणजे २५०. सुरुवात शून्याऐवजी चारपासून का, हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तर साधे आहे : तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो, आणि दाब शून्य असला तरी प्रवाह चारच राहतो. त्यामुळे ‘दाब नाही’ आणि ‘तार नाही’ यांत गल्लत होत नाही. आपत्कालीन थांबा-बटणालाही याच विचाराने एनसी, म्हणजे एरवी जोडलेला राहणारा, संपर्क देतात; तार निखळली तरी यंत्र थांबते.

पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, हा या सगळ्याचा मेंदू. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला गाड्यांचे मॉडेल बदलले की रिलेंची, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या स्विचांची, पॅनेले नव्याने वायर करावी लागत. त्यावर उपाय म्हणून १९६८-६९ मध्ये ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक तयार झाला. डिक मॉर्ली यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम सोडवतो, शेवटी आउटपुट बदलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. या फेरीला स्कॅन म्हणतात. ती साधारणतः काही मिलिसेकंदांत पुरी होते. प्रोग्रॅमची लॅडर भाषा रिलेच्या नकाशासारखीच दिसते. ती मुद्दाम तशी ठेवली, कारण जुन्या इलेक्ट्रिशियनला तीच वाचता येत होती.

साखर कारखान्यात ही साखळी सलग पाहायला मिळते. पहिल्या मिलवरच्या उभ्या चुटात उसाची पातळी वाढली की सेन्सर ते कळवतो, पीएलसी हिशेब करतो आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरची गती बदलणारे उपकरण, बोलीभाषेत नुसता ‘ड्राइव्ह’, मोटरची गती कमी करून गव्हाण, म्हणजे ऊस मिलकडे नेणारा वाहक पट्टा, मंदावतो. पातळी उतरली की उलट.

सेन्सरच्या तारा जिथे येतात तो आयओ (इनपुट-आउटपुट) मॉड्यूल. तो पीएलसीलगत असतो किंवा यंत्राजवळच्या पेटीत, आणि तेव्हा त्याला रिमोट आयओ म्हणतात. शेकडो तारा कंट्रोल रूमपर्यंत ओढण्याऐवजी एकच केबल पुरते. हीच जाळ्याची सुरुवात. ‘नेटवर्क’ म्हटले की इंटरनेट आठवते, पण इथे बहुतेक वेळा त्याचा काही संबंध नसतो.

जुने पण अजून खणखणीत जाळे म्हणजे आरएस-४८५ वरचा मोडबस; आरएस-४८५ हे तारांवरून सिग्नल नेण्याचे मानक, आणि मोडबस ही उपकरणांची संदेशांची भाषा. मोडबस १९७९ चा. आरएस-४८५ ची केबल कमी वेगावर सुमारे १२०० मीटर जाते आणि मूळ मानकाप्रमाणे तिच्यावर ३२ उपकरणांचा भार चालतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. तो मधल्या उपकरणावर लावणे ही नेहमीची चूक. प्रत्येक उपकरणाचा पत्ता १ ते २४७ मधला, आणि दोघांना एकच पत्ता दिला की दोघांची उत्तरे एकमेकांवर आदळतात. आणखी एक खोडी : माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेले रजिस्टर (उपकरणातला मूल्य ठेवण्याचा कप्पा) प्रत्यक्ष संदेशात शून्य क्रमांकाचे असते. या एकाच्या फरकापायी दिवस गेल्याचे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमर सांगतो. विचारणाऱ्याला मास्टर आणि उत्तर देणाऱ्याला स्लेव्ह म्हणत; २०२० मध्ये मोडबसच्या संघटनेने क्लायंट व सर्व्हर हे शब्द स्वीकारले. पॅनेलच्या दारावर चिकटवलेल्या जुन्या नकाशांत मात्र मास्टरच सापडतो.

इथरनेटवरच्या जाळ्यांत प्रोफिनेट, इथरनेट/आयपी आणि मोडबस टीसीपी ही नावे कानी पडतात. तांब्याची केबल दोन उपकरणांमध्ये १०० मीटरच्या पुढे नेत नाहीत; पुढे फायबर लागतो.

यंत्राजवळचा टचस्क्रीन तो एचएमआय. सगळ्या विभागांची चित्रे, अलार्म आणि नोंदी एकत्र दाखवणारी प्रणाली ती स्काडा. स्काडा बंद पडली तरी पीएलसी आपले काम करत राहतो, हे तिथल्या ऑपरेटरलाही कधी कधी पटवून द्यावे लागते. साध्या मोडबस टीसीपीत पासवर्डची सोय नाही. जो ५०२ पोर्टपर्यंत, म्हणजे मोडबस टीसीपीच्या दारापर्यंत, पोहोचला तो गव्हाणीचा वेगही बदलू शकतो. म्हणून हे जाळे कार्यालयाच्या वाय-फायपासून तोडूनच ठेवतात.