किलिमांजारो: वाटाड्यांच्या आणि ओझेकऱ्यांच्या बळावरची चढाई

टांझानियातील किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय चढण्यास 1991 पासून मनाई आहे. चढाई करणारे चौघे असले, तरी त्यांच्यासोबत गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर मिळून त्यांच्याहून अधिक माणसे डोंगरावर असतात. 5,895 मीटर उंचीच्या या शिखरावर नेहमीच्या वाटांनी जाताना दोर बांधून कडा चढण्याचे कौशल्य लागत नाही. म्हणूनच सह्याद्रीतल्या गडवाटांवर तयार झालेले अनेक मराठी ट्रेकरही तिकडे वळतात. मुक्काम करत, सामान दुसऱ्यांच्या डोक्यावर देऊन चढण्याची ही रीत मात्र पर्यटनापेक्षा बरीच जुनी आहे.

11 मे 1848 रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळचा हा हिमाच्छादित डोंगर पाहिला, तेव्हा लंडनमधील काही भूगोलतज्ज्ञांनी त्याच्या वृत्तान्तावर विश्वासच ठेवला नाही. उतारावर शेती करणाऱ्या चागा लोकांना ते पांढरे टोक अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पुढच्या चार दशकांत फॉन डेर डेकेन, चार्ल्स न्यू, काउंट तेलेकी यांनी वर जाण्याचे प्रयत्न केले. पण थंडी, विरळ हवा आणि अपुरी शिधासामग्री यांपुढे त्यांना परतावे लागले.

हान्स मायर या जर्मन भूगोलतज्ज्ञाचा 1887 मधील पहिला प्रयत्न किबोच्या, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वांत उंच ज्वालामुखी शंकूच्या, बर्फापाशी थांबला. 1888 मध्ये किनारपट्टीवर जर्मन सत्तेविरुद्ध अबुशिरीचा उठाव पेटला, मायर बंडखोरांच्या हाती सापडला आणि खंडणी देऊन सुटला. 1889 मध्ये तो ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याला घेऊन परत आला, आणि या वेळी त्याच्या योजनेचा भर शिखरावर नव्हता, तर रसदीवर होता. मारांगूचा चागा प्रमुख मारेआले याच्या सहकार्याने त्याने वेगवेगळ्या उंचींवर तळ उभारले आणि खालून ताजे अन्न नियमितपणे वर पोहोचत राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे एखादा प्रयत्न फसला तरी पायथ्यापर्यंत उतरावे लागत नव्हते. 3 ऑक्टोबरला दोघे विवराच्या कड्यापर्यंत पोहोचून परतले, वरच्या तळावर विसावले आणि 6 ऑक्टोबर 1889 रोजी सर्वोच्च बिंदूवर उभे राहिले. पाश्चात्त्य नोंदींत या यशाचे श्रेय दोन नावांना मिळाले. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण मायरची सारी योजना ओझी वाहणाऱ्यांच्या खेपांवर उभी होती. पंगानीचा मुइनी अमानी त्या गारठ्यात वरचा तळ सांभाळत होता. मारांगूचे योहानी किन्याला लाउवो हेच त्या मोहिमेचे वाटाडे होते, असे स्थानिक परंपरा मानते. त्यांच्या सहभागाच्या तपशिलावर अभ्यासकांत मतभेद असले, तरी चागा वाटाड्यांशिवाय त्या काळी जंगलाचा पट्टा ओलांडणे परक्यांना जवळजवळ अशक्य होते.

मायरने शिखराला जर्मन सम्राटाचे नाव दिले. जर्मन राजवटीत मारांगूच्या वाटेवर बिस्मार्क आणि पेटर्स या नावांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश अमलात, 1932 मध्ये, सुमारे 4,700 मीटरवर किबो हट बांधली गेली. 9 डिसेंबर 1961 रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, त्या वेळी अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने शिखरावर नव्या देशाचा ध्वज आणि मशाल नेली. सम्राटाचे नाव जाऊन शिखराला ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले. खालच्या दोन झोपड्यांनाही पुढे मंदारा आणि होरोंबो या चागा प्रमुखांची नावे देण्यात आली.

राष्ट्रीय उद्यानाची स्थापना 1973 मध्ये झाली, 1977 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि 1987 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पर्यटक वाढले तशा माचामे, लेमोशो, रोंगाई या वाटाही रुळल्या. मारांगूच्या वाटेने पाच-सहा दिवसांत चढून उतरता येते. लेमोशोने सात-आठ लागतात. हे जादा दिवस आळसाचे नसतात. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि शरीराला त्याची सवय होण्यास वेळच लागतो, म्हणून माचामे-लेमोशोच्या वाटांवर गाइड गटाला सुमारे 4,600 मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत नेऊन मुक्कामासाठी सुमारे 3,900 मीटरवरील बारांकोला उतरवतात. घाईने चढणाऱ्याला डोकेदुखी, उलट्या, आणि प्रसंगी फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याचा जीवघेणा धोका असतो.

पोर्टरांच्या वाट्याला मात्र हा विचार उशिरा आला. अपुरे कपडे, तुटपुंजी मजुरी आणि अवजड ओझी यांविरुद्ध काम करण्यासाठी 2003 मध्ये किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट सुरू झाला. उद्यानाच्या नियमानुसार आता एका पोर्टरवर 20 किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही, आणि चढाई सुरू होण्यापूर्वी प्रवेशद्वारावरील काट्यावर ते तोलले जाते. मजुरी मात्र अजूनही कंपनीगणिक बदलते. त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने शुल्काची तुलना करतानाच पोर्टरांना किती पैसे, किती वेळा जेवण आणि कसा तंबू मिळणार आहे, हेही नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे.