नागरी पर्जन्यपूर

अल्पावधीत कोसळलेल्या पावसाचे पाणी गटारी व नाले यांच्या वहनक्षमतेपलीकडे आणि जमिनीच्या शोषणक्षमतेपलीकडे गेल्यामुळे वस्तीत साचते किंवा रस्त्यावरून वाहू लागते, तेव्हा त्यास नागरी पर्जन्यपूर म्हणतात. नदी पात्राबाहेर पडल्याने येणारा पूर यात धरत नाहीत. 1872 साली पांझरेच्या पुराने धुळे शहराची मोठी हानी केली, ती घटना या व्याख्येनुसार नदीपुराचीच होय. 31 ऑगस्ट 2021 रोजी चाळीसगावात आलेल्या पुराचे वर्गीकरण मात्र इतके सरळ नाही. पाऊस दक्षिणेकडील डोंगररांगेत पडला आणि तितूर व डोंगरी या लहान नद्यांतून थोड्याच वेळात शहरात शिरला. अशा आखूड नद्या शहरापुरत्या मोठ्या नाल्यांसारख्याच वागतात, म्हणून त्यांचा विचार येथे करणे अधिक सयुक्तिक वाटते.

अशा प्रसंगी ‘ढगफुटी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार सुमारे 20 ते 30 चौ. किमी. क्षेत्रावर तासाला 100 मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तरच ती ढगफुटी ठरते. ‘अतिवृष्टी’ची अडचण वेगळी आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी.हून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानण्याचा प्रघात पंचनामे व नुकसानभरपाई यांसाठी उपयोगी असला, तरी गटारीच्या हिशेबाला तो फारसा उपयोगी पडत नाही. कारण तेवढाच पाऊस दिवसभर संथपणे पडला तर ढाप्यांखालून निघून जातो आणि पाऊण तासात पडला तर दुकानाच्या ओट्याला लागतो.

किती पाणी येईल याचा प्राथमिक अंदाज आजही ‘रॅशनल’ सूत्राने बांधतात. त्यात पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ व अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) यांचा गुणाकार असतो. उदाहरणार्थ, 10 हेक्टरच्या दाट पेठेवर ताशी 50 मिमी. पाऊस पडत असेल आणि गुणांक 0.7 धरला, तर तासाला 3,500 घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर पाणी नाल्याच्या तोंडाशी येईल. या सूत्राच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. अमेरिकी परंपरा त्याचे श्रेय एमिल क्युशलिंग यांच्या रॉचेस्टर शहरासंबंधीच्या 1889 च्या लेखनाला देते, तर ब्रिटनमध्ये ते दीर्घकाळ लॉइड-डेव्हिस (1906) यांच्या नावाने ओळखले जाई. त्याआधी, बहुधा 1850–51 मध्ये, टॉमस मल्व्हेनी या आयरिश अभियंत्याने पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मोजणीच्या जागी पोहोचण्यास लागणारा काळ हीच निर्णायक बाब असल्याचे मांडले होते. सूत्राचा गाभा हाच असल्यामुळे अग्रमान मल्व्हेनी यांना देणे योग्य. क्युशलिंग यांनी ते शहरी गटारांना लावले, हे श्रेय त्यांचेच राहते. मल्व्हेनी यांच्या विवेचनाचा विषय मुळात पाऊस व पूर यांची आपोआप नोंद करणारी मापके हा होता. दिवसातून एकदा सकाळी वाचलेला पर्जन्यमापक या सूत्राला पुरत नाही. त्यासाठी पाऊस पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत नोंदवलेला लागतो.

संगणकीय प्रतिमाने हाच हिशेब क्षणाक्षणाने मांडतात. अमेरिकेत 1971 च्या सुमारास तयार झालेले ‘स्वम’ (SWMM, स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल) हे विनामूल्य प्रतिमान भारतातही वापरले जाते. त्यात शहराचे लहान पाणलोट पाडून गटारी व चेंबर यांच्या जाळ्यातून पाणी वाहवतात. रस्त्यावर पसरणाऱ्या पाण्यासाठी भूपृष्ठाच्या उंचीचा तपशीलवार नकाशा जोडावा लागतो. डांबरावर डांबर चढून रस्ता ओट्याच्या बरोबरीला आला असेल आणि नकाशा जुना असेल, तर प्रतिमान पाणी रस्त्यावर दाखवते व प्रत्यक्षात ते घरात असते.

खानदेशात गुणांक ठरवताना काळ्या जमिनीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. उन्हाळ्यात भेगाळलेली ही जमीन पहिल्या सरी गिळून टाकते. एकदा फुगून भेगा मिटल्या की तिच्यात पाणी अतिशय मंद मुरते. त्यामुळे जूनमधल्या व ऑगस्टमधल्या सारख्याच पावसाचा अपधाव सारखा नसतो. छपरांचेही तसेच आहे. जुन्या धाब्याच्या घरांवरील मातीचा थर काही पाणी धरून पन्हाळीतून सावकाश सोडी; सिमेंटच्या स्लॅबवरचे पाणी काही मिनिटांत गल्लीत उतरते. हा फरक गुणांकांच्या छापील तक्त्यांत क्वचितच आढळतो.

शहरी पुरासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे 2010 मध्ये आणि पर्जन्यजल निचऱ्याची केंद्रीय नियमपुस्तिका 2019 मध्ये आली. त्यापूर्वीच्या 1993 च्या नियमपुस्तिकेत निवासी भागातील गटारी वर्षातून एकदा, कडेच्या भागात दोनदा तुंबणे मान्य धरले होते. नागरिकांच्या तक्रारी वाचताना हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या व लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात, पण त्या नदीसाठी आखतात. जळगावच्या लेंडी नाल्यासारख्या प्रवाहाकाठच्या बांधकामाला आळा घालायचा, तर वेगळी मोजणी लागते.

उपायांत पाणी लवकर बाहेर काढण्याबरोबर ते वाटेत अडवून ठेवणेही येते. त्यासाठी तलाव, सखल मैदाने व शोषखड्डे उपयोगी पडतात; मात्र फुगलेल्या काळ्या जमिनीत शोषखड्डा मुरमापर्यंत नेला नाही तर तो हौदासारखा भरून राहतो. रेल्वेमार्गाखालच्या बोगद्यांना उताराने निचरा मिळत नसल्यास पंप हाच मार्ग उरतो. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत काढलेला गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा नाल्यात उतरतो. प्रतिमानात धरलेला नाल्याचा छेद तेव्हा कागदावरच राहतो.