फाल्गुनात अंडी, चैत्रात पिल्लं

अंडी उबवायला वसंत ऋतू सगळ्यांत चांगला, असं कोंबडीपालनाच्या बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. ते चूक नाही. पण ज्या वसंताबद्दल ते लिहिलंय तो बर्फ वितळण्याचा, ओल्या मातीचा वसंत आहे. इंदूरहून सिमरोलच्या किंवा देपालपूरच्या रस्त्याला लागा. फाल्गुनात इथे गहू काढणीला आलेला असतो, बटाटा निघून गेलेला असतो आणि दुपारचा वारा ओठ फोडतो. या हवेत अंडी बसवणाऱ्याने उष्णतेच्या आधी पाण्याचा विचार करायला हवा. इंदूरच्या रामबागेतलं घर मुलांवर सोपवून गावाबाहेर बिघा-दोन बिघे जमीन घेणारी आणि हौसेने दहा-बारा कोंबड्या पाळणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. उबवणीच्या यंत्रातली अंडी वाया गेली की त्यांच्या गप्पांत त्याचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला शिव्या बसतात. माझ्या मते निम्म्या वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

कोंबडीला ऋतू कळतो तो उजेडावरून. इंदुरात डिसेंबरअखेर दिवस साधारण पावणेअकरा तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांचा होतो आणि जूनमध्ये साडेतेरा तासांच्या घरात जातो. या वाढत्या उजेडाची नोंद घ्यायला कोंबडीला डोळे लागतातच असं नाही. कवटीच्या पातळ हाडातून झिरपलेला प्रकाश मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि थंडीत सुस्तावलेलं अंडाशय कामाला लागतं. म्हणूनच संक्रांतीनंतर गावठी कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात आणि माघ-फाल्गुनात खुराड्यात अंड्यांची चंगळ होते.

अंडी जमतात एकेक करून, पण बसवायची असतात एकदम, म्हणजे सगळी पिल्लं एकाच वेळी निघतील. मधले दिवस ती ठेवायची कुठे, इथे पहिला घोळ होतो. फलित अंडं बाहेर येतं तेव्हा त्यातला जीव एका पेशीचा राहिलेला नसतो. नुसतं कवच चढायलाच कोंबडीच्या पोटात २० तासांच्या आसपास लागतात आणि आतली वाढ त्याआधीच सुरू झालेली असते. अंडं पडतं तेव्हा बलकावर ४० ते ६० हजार पेशींची एक बारीकशी चकती तयार असते. मग अंडं गार होतं आणि वाढ थांबते. सुमारे २१ अंश सेल्सियसच्या खाली भ्रूण मरत नाही, नुसता थांबून राहतो. १५ ते १८ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या अंड्यातूनही पिल्लू व्यवस्थित निघतं. पुढे मात्र प्रत्येक दिवसाबरोबर शक्यता घटत जाते.

मार्च सरत आला की इंदुरातल्या घराची खोली दिवसा ३० अंशांवर असते. त्या तापमानाला वाढ धड थांबत नाही आणि धड चालतही नाही. अर्धवट जागा झालेला भ्रूण अशक्त होतो आणि यंत्रात गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच मरतो. आपण अंडं फोडून पाहतो, काही दिसत नाही, आणि ठपका कोंबड्यावर ठेवतो. फ्रिज हा यावरचा उपाय नाही, कारण तिथली ४-५ अंशांची थंडी भ्रूणाला झेपत नाही. उपाय आहे माठ. हवा ३८ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक १९-२० अंश दाखवतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एका मोठ्या माठात दुसरा लहान माठ, मधल्या फटीत ओली वाळू, तोंडावर ओलं फडकं, आणि सावलीत वारा लागेल अशी जागा. आतलं तापमान त्या आकड्याच्या दोन-चार अंश वर येऊन ठरतं, खोलीपेक्षा कितीतरी बरं. अंडी टोकदार बाजू खाली करून ठेवावीत आणि धुऊ नयेत. कवचावर वाळलेला एक पातळ थर असतो, तो धुतला गेला की जंतूंना आतली वाट मोकळी होते.

हीच कोरडी हवा यंत्रात गेल्यावर वैरी होते. अंड्याच्या कवचाला साधारण १० हजार सूक्ष्म छिद्रं असतात. आतला जीव त्यांतूनच श्वास घेतो. ६० ग्रॅमचं अंडं २१ दिवसांत सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं आणि ११ लिटरच्या आसपास पाण्याची वाफ गमावतं. ही वाफ जायलाच हवी. पाणी जितकं जाईल तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लाचा फुप्फुसातला पहिला श्वास त्या पोकळीतल्या हवेचा असतो. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के कमी व्हावं, असा हिशेब आहे. ५० ग्रॅमच्या गावठी अंड्याचे म्हणजे जवळपास ६ ग्रॅम. कमी घटलं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होतं आणि आतल्या द्रवातच गुदमरतं. जास्त घटलं तर आतलं पातळ पापुद्र्याचं आवरण सुकून अंगाला चिकटतं, आणि कवचाला भोक पाडूनही पिल्लाला फिरता येत नाही.

यंत्रातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, असं पत्रक सांगतं आणि ट्रेमध्ये अमुक इतकं पाणी घाला म्हणतं. आता थोडं गणित. मार्चच्या दुपारी खोली ३२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता १५ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच राहतं, पण तापलेली हवा आणखी किती बाष्प सामावू शकते ते वाढतं. जुलैत, पाऊस लागल्यावर, खोली २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. हीच हवा यंत्रात ४७ टक्के भरते, ट्रेमध्ये थेंबभर पाणी न घालता! एकच यंत्र, एकच ट्रे, एकच पत्रक. फाल्गुनात त्या पाण्याने पिल्लं सुकतात आणि श्रावणात बुडतात. म्हणून पाण्याच्या मापापेक्षा अंड्यांच्या वजनावर विश्वास ठेवावा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. (सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोन्या-चांदीच्या बाजारात, फक्त रात्री खायला जाणाऱ्यांनी कधी दिवसाही चक्कर मारावी, काटे तिथेच आसपास मिळतात.) पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी वजन करा. घट जास्त दिसली तर ट्रेचं क्षेत्रफळ वाढवा. पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, कारण वाफ पृष्ठभागावरून होते. ट्रेमध्ये उभा केलेला स्पंजचा तुकडाही चांगलं काम करतो.

मे महिन्याबद्दल एवढंच सांगतो की बसवू नका. घरगुती यंत्राला गरम करता येतं, गार करता येत नाही. खोली ४१ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट बल्ब बंद करून मोकळा होतो, पण आत तापमान चढतच राहतं. त्यात दुसऱ्या निम्म्या काळात वाढता भ्रूण स्वतःची उष्णता सोडत असतो. गारव्याला अंडं बऱ्यापैकी सहनशील असतं, कोंबडीही रोज दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठतेच. वरच्या बाजूला मात्र दोन-तीन अंशांची चूक काही तासांत घात करते. शिवाय उन्हाळ्यातलं अंडंच कच्चं असतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातला कार्बोनेट तिथूनच यायचा असतो. म्हणून लूच्या दिवसांत कवच पातळ पडतं.

खुडूक कोंबडी, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसलेली, ही यंत्राची मूळ आवृत्ती, आणि अजूनही जास्त शहाणी. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं की तिचं अंडी घालणं थांबतं, पोटाखालची पिसं गळतात आणि रक्ताने भरलेली उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते. ती दिवसातून अनेकदा चोचीने अंडी उलटते. तसं केलं नाही तर भ्रूण आतल्या आवरणाला चिकटतो आणि पांढरं त्याला नीट वापरता येत नाही. यंत्रात हे काम आपलं, अठराव्या दिवसापर्यंत. अंडी देण्याच्या स्पर्धेत लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने हे खुडूकपण निवडीने जवळजवळ काढून टाकलं, कारण खुडूक बसलेली कोंबडी तितके दिवस अंडी देत नाही.

इंदुरात कोंबड्यांचा विषय निघाला की गाडी कडकनाथावर येतेच. झाबुआ जवळ आहे आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हौशी पाळणाऱ्यांचा ओढा वाढला. भिल्ल-भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. तिची कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळं काळं, कारण एका जनुकीय बदलामुळे रंगद्रव्याच्या पेशी भलभलत्या जागी पोहोचतात. अंडं मात्र फिकट तपकिरी असतं. मोबाइलवर फिरणारे काळ्याकुट्ट अंड्याचे फोटो कडकनाथाचे नव्हेत. अडचण अशी की कडकनाथ कोंबडी खुडूक बसण्यात आळशी. तिची अंडी गावठी कोंबडीखाली किंवा यंत्रातच ठेवावी लागतात.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका दिसतो. हृदय तर त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास धडधडायला लागलेलं असतं. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने रोज एकेक अंडं फोडून वाढ पाहिली तेव्हा त्यालाही तिसऱ्या दिवशी रक्ताचा उडता ठिपका दिसला होता. कोरी अंडी काढून टाका. आणि हो, लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, असं एखादे काका ठामपणे सांगतीलच. त्यात तथ्य नाही. पक्ष्यांत लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं. कवच नंतर चढतं, त्याला आतल्याची खबर नसते.

अठराव्या दिवशी उलटणं बंद आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर. आता पिल्लू आधी चोच हवेच्या पोकळीत घुसवतं, फुप्फुसाने श्वास घेतं, आतूनच चिवचिवतं. मग चोचीवरच्या टणक टोकाने कवचाला पहिला तडा जातो आणि नंतर कित्येक तास काहीच घडत नाही. याच वेळी घरातल्या सगळ्यांचा धीर सुटतो. पण त्या वेळात पिल्लू आवरणातल्या शिरांमधलं रक्त शोषून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढत असतं. झाकण उघडून मदत करायला गेलात तर यंत्रातली दमट हवा क्षणात निघून जाते, आणि बाकीच्या तडकलेल्या अंड्यांचं आवरण सुकतं. बोट घालू नये, हे माझं मत पक्कं आहे. पोटात घेतलेला तो बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो, त्यामुळे दाण्याची घाई नसते. पाणी मात्र हवं. उथळ भांड्यात, गोट्या टाकून, म्हणजे कुणी बुडणार नाही.

आणि इथे मालव्याचा चैत्र एकदम दोस्त होतो. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एप्रिलच्या दुपारी इंदूरची हवाच तेवढी असते. दिवा दिवसा बंद ठेवता येतो, कधी कधी ठेवावाच लागतो. फसगत होते ती रात्री. मालव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या, मार्चमध्ये पारा १७-१८ पर्यंत उतरतो. दिवसाच्या उकाड्याने निर्धास्त झालेला माणूस दिवा लावायला विसरतो आणि सकाळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेली पिल्लं सापडतात. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर ती गारठलीत, पंख सैल सोडून आणि चोच उघडी ठेवून कडेला पळाली तर तापलीत. त्यांचं वागणं तापमापकापेक्षा अचूक असतं.

अंथरायला नव्या मळणीचा गव्हाचा भुसा मुबलक असतो, पण धूळ चाळून घ्यावी. याच दिवसांत शेजारच्या शेतात कुणी नरवाई, म्हणजे काढणीनंतर उरलेली गव्हाची खुंटं, पेटवली तर पिल्लं घरात घ्या. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, ऑक्सिजन शोषण्यात ती आपल्यापेक्षा सरस आहेत, आणि त्याच कारणाने धूरही त्यांना जास्त लागतो.

राहिली लस. राणीखेत रोगाची पहिली लस पाच ते सात दिवसांच्या वयात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. ही जिवंत विषाणूची लस असते, एप्रिलच्या उन्हात ती गाडीच्या डिकीतच निकामी होते. थर्मासमध्ये बर्फ भरून आणावी, पावडर मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी. कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची येते आणि आपली पिल्लं असतात वीस-पंचवीस. त्यामुळे एका रस्त्यावरच्या चार-पाच वाड्यांनी आपसात बोलून एकाच आठवड्यात अंडी बसवली तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं. माघ संपता संपता ठरवावं, रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, गडबडीत कुणाचा फोन लागत नाही.