ड्युअल बूटसाठी डिस्कची वाटणी

ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्हींपैकी हवी ती सिस्टिम सुरू करता येणे. एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेक वेळा विंडोज आणि लिनक्स, नांदाव्यात म्हणून त्याच्या हार्ड डिस्कचे किंवा एसएसडीचे वेगळे हिस्से करण्याची पद्धत. बोलण्यात याला ‘पार्टिशन पाडणे’ म्हणतात. लॅपटॉप चालू केला की मेनू येतो, त्यातून हवी ती सिस्टिम निवडायची. एका वेळी एकच चालते, पण तिला सगळी रॅम आणि सगळा प्रोसेसर मिळतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन सिस्टिम एकदम चालतात खऱ्या, मात्र रॅम दोघींत वाटली जाते. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही.

सोलापुरात या पद्धतीची गरज घरातूनच निर्माण होते. टॉवेल-चादरीच्या धंद्याचा हिशेब टॅलीवर असतो आणि टॅलीला विंडोज लागते. त्याच घरातली मुलगी अभियांत्रिकीला असेल, तर तिला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवे असते. लॅपटॉप मात्र एकच. त्यात विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. चांगले चालणारे कितीतरी जुने लॅपटॉप त्यामुळे मागे पडले. अशा यंत्रावर इंटरनेटची सगळी कामे लिनक्सवर आणि हिशेब तेवढा विंडोजवर, ही विभागणी शहाणपणाची आहे.

नोंदीचा तक्ता : पार्टिशन म्हणजे डिस्कमध्ये उभी राहिलेली भिंत नव्हे, ती नोंद असते. सातबाऱ्यावर नाव चढले की जमीन त्याची. माती तीच राहते. तसेच डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो आणि कोणता हिस्सा कुठून कुठपर्यंत, हे त्यात लिहिलेले असते. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० सोबत आलेल्या एमबीआर या जुन्या नोंदपद्धतीत या तक्त्याला ६४ बाइटची जागा होती, प्रत्येक नोंदीला १६ बाइट. म्हणून मुख्य हिस्से चारच. पाचवा हवा असेल तर एका हिश्शाचे पोटहिस्से करावे लागत. २ टीबीच्या पुढची जागा या पद्धतीला मोजताच येत नाही. आजच्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, लॅपटॉप सुरू करणारी व्यवस्था) लॅपटॉपवर जीपीटी ही नवी नोंदपद्धत असते. विंडोज तिच्यात १२८ हिस्से मानते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. चुकून हिस्सा पुसला, म्हणजे फक्त नोंद गेली, तर त्यावर नवे काही लिहिण्याआधी टेस्टडिस्कसारखे साधन ती बहुधा परत आणू शकते. एसएसडीवर मात्र हा भरवसा कमी, कारण मोकळी झालेली जागा ती आपणहून साफ करते.

जागा सोडवणे : ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. यात कुणी फसवलेले नसते, मोजमाप वेगळे असते. त्यातली १०० जीबी लिनक्सला द्यायची, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक’ निवडायचे आणि १०२४०० हा आकडा भरायचा, कारण तिथे एमबी विचारतात. सी ड्राइव्हची जागा विंडोजमधूनच सोडवून घेणे उत्तम. आपल्या कोणत्या फाइली हलतात हे तिलाच माहीत. कधी तीनशे जीबी मोकळी असूनही ती जेमतेम थोडी जागा सोडते. हायबरनेशनची फाइल (बंद करताना रॅममधले साठवणारी), पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली) किंवा रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीत नेण्याच्या नोंदी) ड्राइव्हच्या शेवटाकडे बसलेले असतात आणि जागचे हलत नाहीत. हे तिन्ही तात्पुरते बंद करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करावे. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवायची, तिचा नवा ड्राइव्ह करायचा नाही.

या कामाआधी बॅकअप हवाच, तोही दुसऱ्या डिस्कवर. बॅटरी मेलेला, फक्त चार्जरवर चालणारा लॅपटॉप घेऊन तर बसूच नये. डेटा सरकत असताना वीज गेली तर दोन्ही घरची वाट लागते.

आधीची तयारी : बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होते, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बूटच्या व्यवस्थेत बदल दिसला की विंडोज ती मागते. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप घेताना दुकानातल्याने स्वतःच्या ईमेलवर खाते उघडून दिले असेल, तर आपल्या डेटाची किल्ली त्याच्याकडे राहते. हे आधीच तपासावे. फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर उघडण्याची सोयही बंद करावी. ती चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धी जागी राहते, आणि लिनक्सला तिच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

लिनक्स टाकणे : बूटेबल, म्हणजे लॅपटॉप ज्यावरून सुरू होतो अशा, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केल्यावर खरा धोका एकाच पडद्यावर असतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा इन्स्टॉलर विचारतो की विंडोजशेजारी बसू, की डिस्क पुसू? ‘इरेज डिस्क’ म्हणजे वडिलांचा सगळा हिशेब गेला. ईएफआय हा सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा हिस्सा, बहुधा १०० एमबीचा, दोन्ही सिस्टिम वापरतात. त्यात प्रत्येकीचे वेगळे फोल्डर असते. तो वापरायचा, फॉरमॅट मारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात विंडोज उघडावी तर सकाळच्या दहाला घड्याळात साडेचार! लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, तेवढाच फरक पडतो. घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला लिनक्सला सांगितले की तक्रार मिटते.

काढून टाकणे : लिनक्स नको झाले म्हणून विंडोजमधून त्याचा हिस्सा थेट पुसला, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (सुरुवातीचा मेनू दाखवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर एवढेच दिसते. घरचे घाबरतात, कुणीतरी ‘फॉरमॅट मारावाच लागेल’ म्हणतो, आणि शाबूत डेटा त्यात जातो. विंडोज जागेवरच असते. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणले की ती उघडते.