स्प्लिट कीबोर्डची घरगुती बांधणी

डाव्या आणि उजव्या हातासाठी दोन सुटे भाग असलेल्या कीबोर्डला स्प्लिट कीबोर्ड म्हणतात. हे भाग खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात, हवे तसे तिरके करता येतात आणि आतल्या कडेला उचलून कलतेही बसवता येतात. असे कीबोर्ड तयारही मिळतात. घरी बांधण्याचा खरा फायदा हा की बटणे किती असावीत, कुठे असावीत आणि कोणत्या बटणाने काय करावे, हे स्वतःचा हात आणि स्वतःची भाषा पाहून ठरवता येते. पुण्यात दिवसा कोड आणि संध्याकाळी मराठी लिहिणारे लोक थोडे नाहीत. त्यांच्यासाठी भाषेचा मुद्दा हाताच्या मुद्द्याइतकाच मोलाचा आहे, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ येतात आणि बोटे बटणांवर सरळ पडावीत म्हणून मनगटे करंगळीच्या बाजूला वळतात. भाग सुटे केले की हे वळण कमी होते, आणि ते प्रत्यक्ष मोजमापांतही दिसले आहे. कलती बैठक दिली तर तळहात पूर्ण पालथा ठेवावा लागत नाही. यापुढचे दावे मात्र जपून करावेत. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर आधी डॉक्टरकडे जावे. कीबोर्ड हा उपचार नव्हे. टेबल फार उंच असेल तर कितीही चांगला कीबोर्ड खांद्याचे दुखणे थांबवणार नाही.

बटणांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवण्याची पद्धत टाइपरायटरच्या दांड्यांमुळे आली. शोल्सचे यंत्र रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यात प्रत्येक बटणाखालच्या दांडीला वाट हवी होती. दांड्या गेल्या, सरकलेल्या ओळी राहिल्या. दोन हातांसाठी दोन भाग करावेत ही सूचना जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ मध्ये केली होती. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉब्डे यांनी खोलगट माल्ट्रॉन घडवला, तर १९९० च्या दशकात किनेसिस आणि मायक्रोसॉफ्टचे एर्गोनॉमिक कीबोर्ड आले. घरी बांधणाऱ्यांसाठी वाट मोकळी झाली ती खुल्या आराखड्यांमुळे. अर्गोडॉक्स हा त्यांतला पहिला गाजलेला. त्यानंतर जपानमधून ४२ बटणांचा कॉर्न आला. ५८ बटणांचे सोफल आणि लिली, ३४ बटणांचा फेरिस स्वीप आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायचा वाटीसारखा डॅक्टिल हेही याच परंपरेतले. पहिल्या बांधणीसाठी कॉर्न किंवा सोफल घ्यावा. ३४ बटणांत मराठी बसवणे नवख्याने अंगावर घेऊ नये.

आतली रचना

४२ बटणांच्या कीबोर्डच्या एका भागात २१ स्विच असतात. प्रत्येक स्विचला स्वतंत्र पिन द्यायची तर कंट्रोलरच्या, म्हणजे बटणे वाचणाऱ्या छोट्या बोर्डच्या, पिना पुरत नाहीत, म्हणून आडव्या-उभ्या ओळींचे जाळे करतात. कॉर्नमध्ये ४ आडव्या आणि ६ उभ्या ओळी असतात, म्हणजे १० पिनांत काम भागते. कंट्रोलर एकेका ओळीला क्रमाने वीज देतो आणि कुठून परत येते ते पाहतो. प्रत्येक स्विचसोबत एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लागतो. तो नसेल आणि जाळ्यातल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, तर वीज उलट वाटेने फिरते आणि न दाबलेला चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. १एन४१४८ हा रुपया-दोन रुपयांचा डायोड यासाठी पुरतो. त्याच्या काचेवरची काळी पट्टी सगळीकडे एकाच दिशेला हवी.

प्रत्येक भागात एक कंट्रोलर असतो. जुन्या आराखड्यांत प्रो मायक्रो असायचा. त्यातल्या चिपला ३२ केबी मेमरी असते आणि बोर्डचे मायक्रो यूएसबी सॉकेट ओढाताणीत उखडून येते. आता टाइप-सी सॉकेटचा आरपी२०४० बोर्ड घेणे शहाणपणाचे. ही चिप रास्पबेरी पायने २०२१ मध्ये आणली. बोर्ड बूटसेल बटण दाबून जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यावर फाइल टाकली की प्रोग्रॅम चढतो. बिनतारी कीबोर्डसाठी एनआरएफ५२८४० चिपचे बोर्ड आणि झेडएमके हे फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरवर चालणारा प्रोग्रॅम, वापरतात, वायरवाल्यांसाठी क्यूएमके. दोन्ही खुले आहेत.

दोन भागांना जोडणारी केबल बहुधा ३.५ मिलिमीटरच्या चार संपर्कांच्या जॅकची असते. यूएसबी लावलेली असताना ही केबल कधीही काढू किंवा घालू नये. पिन आत सरकताना विजेचा संपर्क दुसऱ्याच संपर्कांना घासून जातो आणि त्यात कंट्रोलर जळू शकतो. आधी जोडकेबल, मग यूएसबी, हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा.

मराठीची मांडणी

भारतीय लिपींसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून ठरवली आणि १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. ती लोकांच्या संगणकांपर्यंत पोहोचवण्यात १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा मोठा वाटा आहे. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. म, न, व ही तीन व्यंजने तेवढी डावीकडे खाली येतात. व्यंजन उजवीकडून, मात्रा डावीकडून, अशी हातांची आलटापालट होत राहते. दोन भागांच्या कीबोर्डवर ही वाटणी डोळ्यांना दिसते: डावा भाग मात्रांचा, उजवा भाग व्यंजनांचा. देवनागरीला स्प्लिट कीबोर्ड इतका नेमका बसतो, आणि तरी या दोहोंचा एकत्र विचार फारसा होत नाही, याचे वाईट वाटते.

‘आणि’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्टमध्ये ‘आ’ म्हणजे शिफ्ट आणि ई, ‘ण’ म्हणजे शिफ्ट आणि सी, मग ऱ्हस्व वेलांटीसाठी एफ. तीन बटणांपैकी दोनांना शिफ्ट लागते. नेहमीच्या कीबोर्डवर उजवी करंगळी शिफ्टवर ताणलेली राहते आणि उरलेला हात रिकामा असतो. ‘आहे’, ‘ळ’, ‘श’, ‘ख’, ‘ठ’, सगळीकडे शिफ्ट. मराठी मजकुरात करंगळीला जे श्रम पडतात ते इंग्रजीच्या कितीतरी पट आहेत. म्हणून घरी बांधताना पहिला बदल हाच करावा: शिफ्ट अंगठ्याखाली आणावी, दोन्ही बाजूंना एकेक. कॉर्नमध्ये अंगठ्यांची ६ बटणे असतात. दोन शिफ्ट, स्पेस, बॅकस्पेस, एंटर आणि लेयर (त्याच बटणांना दुसरी कामे देणारा थर) बदलण्याचे एक, असा हिशेब अगदी बरोबर बसतो.

दुसरी अडचण बटणांच्या संख्येची. इनस्क्रिप्टला पी अक्षराच्या पुढचा चौकटी कंस लागतो, कारण ‘ड’ आणि ‘ढ’ तिथे आहेत. ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’ यांतला ‘ॉ’ उलट्या तिरक्या रेषेवर आहे. इंग्रजीच्या ४२ बटणी मांडणीत ही दोन्ही बटणे आतल्या लेयरवर ढकललेली असतात, म्हणून प्रत्येक ‘ड’साठी दोन बटणे दाबावी लागतात. बॅकस्पेस आणि शिफ्ट अंगठ्याकडे गेल्यामुळे उजव्या भागाच्या बाहेरच्या रांगेत दोन जागा मोकळ्या होतात: वरच्या जागी ‘ड’, खालच्या जागी ‘ॉ’. ‘ट’ त्याच रांगेत मधल्या ओळीवर असतोच. ‘ृ’ लेयरवर ठेवला तरी चालतो.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. त्याचा ‘क’ करायचा की ‘के’, हे संगणक ठरवतो. त्यामुळे इंग्रजीसाठी फर्मवेअरमध्ये कोलमॅक किंवा ड्वोरॅक अशी पर्यायी मांडणी बसवली की मराठीची मांडणी विस्कटते, कारण संगणकाला इनस्क्रिप्टसाठी क्वर्टीच्याच, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डच्याच, जागा अपेक्षित असतात. उपाय सोपा आहे. क्वर्टीच्या जागांचा एक वेगळा मराठी लेयर करावा आणि संगणकाची भाषा बदलणारी बटणजोडी व लेयर बदल एकाच बटणावर ठेवावा. याच लेयरवर जोडाक्षरांचे मॅक्रोही ठेवता येतात. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतला ‘ऱ्य’ म्हणजे शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेषा; हे तिन्ही ठोके एका बटणात मावतात. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ यांचेही तसेच.

इंग्रजी लिहिणारे कंट्रोल, ऑल्ट ही बटणे मधल्या ओळीतल्या अक्षरांवरच बसवतात: टिचकी मारली तर अक्षर, दाबून धरले तर कंट्रोल. मराठी लेयरवर हे टाळावे. ए, एस, डी, एफ यांवर ‘ो’, ‘े’, हलन्त आणि ‘ि’ आहेत. ही मराठीतली सर्वात वर्दळीची बटणे, आणि ती उजव्या हाताच्या व्यंजनाला लागूनच पडतात. बोट उचलायला थोडा उशीर झाला की मात्रेऐवजी भलताच शॉर्टकट चालतो.

सामान आणि बांधणी

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत डायोड, ३.५ मिलिमीटरचे सॉकेट, सोल्डरिंग गन, तार, फ्लक्स, मल्टिमीटर असा सुटा माल मिळतो. स्क्रू आणि रबरी पाय यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी जवळच आहे. मेकॅनिकल स्विच, हॉटस्वॅप सॉकेट (सोल्डर न करता स्विच बसवण्याचे) आणि कीकॅप मात्र बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. सर्किट बोर्ड खुल्या फाइलवरून छापून घेता येतो. कारखाने बहुतेक वेळा किमान ५ नग देतात, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून मागवणे परवडते. परदेशातून मागवल्यास कस्टम्स ड्युटीही हिशेबात धरावी.

बोर्ड नको असेल तर हाताने तारा जोडता येतात आणि शिकण्यासाठी ही पद्धत उत्तम. डायोडचे पाय वाकवून त्यांचीच आडवी ओळ करायची आणि उभ्या ओळींसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडची इनॅमलची तांब्याची तार घ्यायची. तिच्यावर लाखेचा थर असतो, म्हणून जिथे जोड द्यायचा तिथे ब्लेडने खरवडून तांबे उघडे करावे लागते. स्विच बसवायची पाटी १.५ मिलिमीटर जाडीची, तीत १४ मिलिमीटरची चौकोनी भोके आणि दोन भोकांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर अंतर, ही चेरी एमएक्स धाटणीच्या स्विचची मापे. पाट्या आणि सन्मानचिन्हे बनवणाऱ्यांकडे लेझर कटर असतो, पण त्यांच्याकडे सहज मिळणाऱ्या ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकमध्ये स्विचच्या कडा अडकत नाहीत. लेझर थोडे साहित्य जाळतो, त्यामुळे भोकेही किंचित मोठी येतात. आधी दोन-चार भोकांचा तुकडा कापून स्विच घालून पाहावा. स्वतःच्या हाताने करायची हौस असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आहे. एमआयटीबाहेर उभी राहिलेली ती पहिली.

सोल्डरिंगला घाई चालत नाही. गनचे टोक ओल्या स्पंजवर पुसून डायोडचा पाय आणि बोर्डावरचे कडे या दोघांना एकदम टेकवावे, दोन सेकंद थांबावे, मग सोल्डरची तार टोकाला न लावता तापलेल्या कड्याला लावावी. सोल्डर वितळून पायाभोवती आपोआप चढते आणि चकचकीत शंकूसारखे बसते. गोळा झाला, किंवा वर राखाडी खरखरीत थर दिसला, तर तो ड्राय सोल्डर. फ्लक्स लावून पुन्हा तापवावा. खिडकी उघडी ठेवावी आणि शिसे असलेले सोल्डर वापरले तर जेवणाआधी हात धुवावेत.

स्विच बसवण्यापूर्वी फर्मवेअर चढवून चिमट्याने एकेका जागेचे दोन संपर्क जोडून पाहावेत. दोष कुठे आहे ते लक्षणावरून कळते. एकच बटण मेले असेल तर डायोड उलटा बसला आहे किंवा जोड कच्चा आहे. हॉटस्वॅप सॉकेट असेल तर स्विचचा पाय आत न जाता खाली दुमडलेला असण्याची शक्यता जास्त. उभी ओळच्या ओळ गप्प असेल तर कंट्रोलरची ती पिन तपासावी. अख्खा भाग मेला तर आधी जोडकेबल बदलून पाहावी. तीन संपर्कांची हेडफोनची केबल चुकून लावल्याने गोंधळलेले लोक पुष्कळ असतात.

सुरुवातीला वेग बराच पडतो. बी हे बटण, म्हणजे मराठीतला ‘व’, डाव्या भागात असते. ते उजव्या हाताने मारायची सवय अनेकांना असते आणि कीबोर्ड दुभागल्यावर ती उघडी पडते. रोज थोडा वेळ, खरे लिखाण करत सराव केला की हात वळतो. मांडणी मात्र पहिल्या आठवड्यात दर दिवशी बदलू नये.

पेटी थ्रीडी प्रिंटरवर छापणार असाल तर पावसाळ्यात पीएलए या प्लास्टिकचा फिलामेंट ओलावा धरतो आणि छपाई बुडबुड्यांची येते. रोल सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. छापून झालेली पेटी उन्हाळ्यात उभ्या गाडीत विसरू नये. पीएलए साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतो, मग पेटी वाकते आणि स्विच सैल होतात. हिंजवडीला रोज ने-आण करणाऱ्यांनी पेटी पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्येच छापून घ्यावी.